‘स्कॅर्सिटी’ टाइप करून बघ

सकाळचे दहा वाजून गेलेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयातला पहिल्या मजल्यावरचा संगणक कक्ष भरत चाललाय. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग, आत एसीचा गारवा आणि कोपऱ्यातल्या यूपीएसची अधूनमधून टुणटुण. संदर्भ कसे शोधायचे ते शिकवणाऱ्या शिबिरासाठी एम.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलं-मुली जागा धरताहेत. कुणी इतिहासाचं, कुणी मराठीचं, कुणी अर्थशास्त्राचं. दोघांत मिळून एक संगणक. बहुतेकांची गावं लांबची : माण, जत, परांडा, पाथर्डी. मी शेवटच्या रांगेत वही घेऊन बसलोय.

शिकवणाऱ्या ग्रंथपाल मॅडम फळ्याजवळ उभ्या आहेत. मोबाइल बॅगेत ठेवायची सवय असलेल्या मुलांना त्या सांगतात, “मोबाइल टेबलावरच राहू द्या, लागणार आहे.” मुलं एकमेकांकडे बघतात.

सुरुवात लॉगिनपासून होते आणि बराच वेळ तिथंच जातो. पासवर्डात एक कॅपिटल अक्षर हवं. माझ्या पुढचा जतचा मुलगा कॅप्स लॉक दाबतो, अक्षर लिहितो, कॅप्स लॉक काढायचं राहून जातं, पासवर्ड चुकतो. मघाशी जिन्यात हाच मुलगा चालता चालता दोन अंगठ्यांनी मोबाइलवर भराभर लिहीत होता. इथं त्याचं एक बोट कीबोर्डवर अक्षर शोधत फिरतंय. शेजारची मुलगी हळूच म्हणते, “शिफ्ट धरून ठेव अन् मग दाब.” तो तसं करतो. आत शिरतो.

ही पिढी यंत्र हातात घेऊनच जन्मली, असं मी व्याख्यानांत वारंवार ऐकतो. या खोलीत बसल्यावर ते पटत नाही. मोबाइल चालवता येणं वेगळं. कागदपत्र शोधणं, जपणं आणि पारखणं वेगळं. यातल्या अनेकांकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे, सरकारी नोकरीच्या अर्जाला लागतं म्हणून केलेलं. दहावीनंतरच्या सुट्टीत शिकलेलं ते घरी संगणक नसल्यामुळे हातातून निघून गेलंय. त्यात मुलांचा काही दोष नाही.

“मॅडम, डाऊनलोड झालं, पण गेलं कुठं?” परांड्याचा मुलगा विचारतो. प्रश्न चांगला आहे. मोबाइलवर फाइल कुठं राहते हे कुणाला बघावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर मागं मागं सरकत गेलं की ती सापडते. मॅडम प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं फोल्डर करायला लावतात, त्यात विषयाचं दुसरं फोल्डर. मग फाइलचं नाव बदलायला लावतात : आधी वर्ष, मग लेखकाचं आडनाव, मग विषयाचे दोन शब्द. दोन वर्षांनी प्रबंध लिहिताना काय काय लागेल, ते या नावांवरूनच कळणार आहे. सगळे लिहून घेतात. एक मुलगी उठून शेजारच्या संगणकावरच्या मैत्रिणीचं फोल्डरही करून देते.

यानंतर मराठी. कीबोर्डवर फक्त इंग्रजी अक्षरं छापलेली आहेत. मॅडम इनस्क्रिप्टचा नकाशा पडद्यावर लावतात : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. हिंदी, कानडी, बंगाली, सगळ्यांची मांडणी हीच, म्हणून एकदा बोटांत बसली की बहुतेक भारतीय लिप्यांना चालते. पण शिकायला महिना जातो आणि आज महिना नाही, म्हणून मुलं इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारं साधन वापरतात. तेवढ्यात मराठी विभागातली एक मुलगी अडते. तिच्या सरांनी एका जुन्या मराठी नियतकालिकाची पीडीएफ दिलीय. पडद्यावर मजकूर स्वच्छ दिसतो, पण त्यातला परिच्छेद उचलून स्वतःच्या फाइलमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं पडतात.

मॅडम सगळ्यांना तिच्या संगणकाभोवती बोलावतात. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, हे त्या दाखवतात. डोळ्यांना ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी तिथं इंग्रजीतलंच एखादं अक्षर असतं. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. तरी आपल्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत जुने फॉन्ट पुढं कितीतरी वर्षं चालत राहिले. परिणाम असा, की ढीगभर मराठी मजकूर इंटरनेटवर चढवलेला आहे आणि शोधला तर येत नाही. “तुम्ही मराठीत शोधलं आणि काही आलं नाही, म्हणजे त्यावर कुणी लिहिलंच नाही, असं समजू नका,” मॅडम म्हणतात. “ते तिथं असेल, यंत्राला वाचता येत नसेल.” मला हे या सकाळचं सगळ्यांत मोलाचं वाक्य वाटतं. मराठीत अमुक विषयावर कामच झालेलं नाही, असं बेधडक लिहिलेले प्रबंध मी वाचलेत.

त्या मुलीला मॅडम पानाचं चित्र करून अक्षर ओळखणाऱ्या साधनातून काढायला शिकवतात. जोडाक्षरं काही ठिकाणी चुकतात. ती मूळ पानाशी ताडून एकेक दुरुस्त करत बसते. शिवाय शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शब्दागणिक शोधता येतात, हे तिला कळतं. तिचा विषय जात्यावरच्या ओव्या आहे. ती लगेच घरून टिपून आणलेले शब्द एकेक टाकू लागते आणि पुढचा अर्धा तास तिला कुणी हाक मारत नाही.

आता शोध. माणची मुलगी, मघाशी शिफ्ट धरायला सांगणारी, हिचा विषय १९७२चा दुष्काळ. तिची आजी त्या वेळी कामावर होती, एवढं तिला ठाऊक आहे. ती गूगलवर ‘१९७२ दुष्काळ’ टाकते. व्हिडिओ येतात, दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्या पुरवण्यांतले लेख येतात. दोन-तीन उघडून ती म्हणते, “मॅडम, सगळीकडं तेच तेच लिहिलंय.” खरंच आहे, एकाचं वाक्य दुसऱ्यानं उचललंय, दुसऱ्याचं तिसऱ्यानं.

“मराठीतलं झालं. इंग्रजीत काय टाकशील?”

“फॅमिन.”

“टाक.”

येतात ते निकाल बहुतेक ब्रिटिश काळातले : १८७६चा, १८९६चा, १८९९चा. १९७२ त्यांत विरळाच.

“आता सांग, १९७२ला सरकार दुष्काळाला काय म्हणत होतं?”

मुलगी गप्प. खोलीत कुणालाच उत्तर येत नाही. मॅडम सांगतात, १९६३ साली महाराष्ट्रानं एक कायदा केला आणि राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’ घातला. म्हणजे नऊ वर्षांनी विहिरी आटल्या, पिकं गेली, माणसं रस्त्याच्या कामावर आली, तेव्हा सरकारी कागदावर दुष्काळ नव्हता, टंचाई होती. फाइली त्याच नावानं निघाल्या, अहवाल त्याच नावानं छापले. “‘स्कॅर्सिटी’ टाइप करून बघ.”

मुलगी गूगल स्कॉलर उघडते. ‘स्कॅर्सिटी’, मग अवतरणचिन्हांत ‘महाराष्ट्र’, मग वर्षांची मर्यादा १९७० ते १९८०. पडदा बदलतो. रोजगाराच्या कामांवरचे लेख, आढावे, अहवालांचे उल्लेख. आता ‘ड्रॉट’ टाकून पुन्हा. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या फेब्रुवारी १९७३च्या अंकातला वुल्फ लाडेजिन्स्की यांचा लेख समोर येतो. शंभर वर्षांत असा दुष्काळ झाला नाही, असं शीर्षकातच म्हणणारा. दुष्काळ चालू असतानाच लिहिलेला. ती शीर्षक वाचते आणि खुर्ची पुढं ओढून बसते.

मॅडम तिला लेखाखालची एक बारीक ओळ दाखवतात : हा लेख पुढं कुणी कुणी संदर्भाला घेतला. तिच्यावर टिचकी मारली की १९७३नंतरचे लेख आणि पुस्तकं येतात. लेखाच्या तळटिपा मागं नेतात, ही ओळ पुढं नेते. एक धागा हाताला लागला, की दोन्ही दिशांनी जाता येतं. मुलीच्या वहीत नावं पडू लागतात : व्ही. सुब्रमण्यम यांचं १९७५चं ‘पार्च्ड अर्थ’, सुलभा ब्रह्मे यांचं महाराष्ट्रातल्या १९७२च्या दुष्काळावरचं पुस्तक, ज्याँ द्रेझ यांचं भारतातल्या दुष्काळनिवारणावरचं लेखन. अर्ध्या तासापूर्वी हिच्याकडे पुरवण्यांतले लेख होते.

तिची दुसरी अडचण गावाकडची आहे. माण तालुका इंग्रजीत लिहिला की इंग्रजीतल्या ‘माणूस’ या अर्थाच्या शब्दाशी अक्षरशः जुळतो. शोधावा तर जगातले सगळे पुरुष समोर येतात. ती हताश होऊन सांगते, तेव्हा मागच्या रांगेतला पाथर्डीचा मुलगा म्हणतो, “तालुक्याचं गाव टाक की. दहिवडी.” मॅडम त्याला शाबासकी देतात आणि पुढं नेतात : दहिवडीही दोन प्रकारे टाकायची, एकदा शेवटच्या अक्षराआधी ‘डब्ल्यू’ लावून, एकदा ‘व्ही’ लावून, कारण जुन्या गॅझेटियरांत ‘व्ही’ आहे. सोलापूरच्या आरंभी ‘एसएच’ आहे, पुण्याचं ‘पूना’ आहे. पाथर्डीच्या मुलाला आता स्वतःचा जिल्हा अहमदनगर आणि अहिल्यानगर असा दोन्ही नावांनी शोधावा लागणार, परांड्याच्या मुलाला उस्मानाबाद आणि धाराशिव. नावं बदलतात, जुने कागद जुन्याच नावानं राहतात.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये वडा-उसळीच्या ताटांसमोर मुलं मोकळी होतात. माणची मुलगी सांगते, तिच्या शाळेत संगणकाची खोली होती आणि तिला कुलूप होतं. यंत्रं बिघडतील म्हणून. कॉलेजात प्रकल्प मोबाइलवर लिहिला. वसतिगृहाच्या खोलीत एक लॅपटॉप आहे, तो रूममेटचा. बोलता बोलता तिला काहीतरी सुचतं आणि ती घरी फोन लावते. आई उचलते, आजीकडे देते. कँटीनच्या गलक्यात ती फोन स्पीकरवर टाकते.

“आजे, बहात्तरला तू कशाच्या कामावं हुतीस गं?”

“कशाचं म्हंजी? दुष्काळी काम. पाझर तलाव चालला हुता. पाट्यांनी माती व्हायाची.”

“आन् खायाला?”

“सुकडी मिळायची. मिलोच्या भाकरी. लाल भडक. घशाखाली उतरायच्या न्हाईत.” आजी थांबते, मग विचारते, “कशाला पायजे तुला हे? जेवलीस का?”

मुलगी जेवलेली नाही. ताट तसंच आहे. ती ‘पाझर तलाव’ असं वहीच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती चौकट काढते.

दुपारी परत आल्यावर ती हे मॅडमना सांगते. मॅडम म्हणतात, “तारीख लिही. आजीचं नाव, वय, गाव लिही. पुढच्या वेळी बोलणं रेकॉर्ड करणार असशील, तर आधी त्यांना विचार.” मग दोघी पडद्याकडे वळतात. पाझर तलाव म्हणजे अहवालांतला पर्कोलेशन टँक. हा शब्द जोडताच शोध नेमका होतो : कामांच्या प्रकारांची वर्गवारी, मजुरांची संख्या, मजुरीचे दर. १९७३च्या उन्हाळ्यात या कामांवरच्या माणसांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता. याच अनुभवातून पुढं रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मुलगी आकडा दोनदा वाचते. त्या लाखांत तिची आजी आहे.

मॅडम तिला जनगणनेच्या संकेतस्थळावर नेतात. १९७१ची सातारा जिल्हा पुस्तिका स्कॅन केलेली आहे, पानं पिवळट, काही आकडे पुसट. यात शोधाचा शब्द चालत नाही. पान उलटत जावं लागतं. ती उलटत जाते. गावांच्या यादीत तिचं गाव सापडतं : लोकसंख्या, शाळा, पिण्याचं पाणी कशाचं, बागायत किती, जिरायत किती. दुष्काळाच्या तोंडावरचं तिचं गाव एका ओळीत.

इकडे जतचा मुलगा खुशीत आहे. त्याचा विषय ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. काल रात्री त्यानं एका चॅटबॉटला संदर्भ मागितले आणि त्यानं पाच दिले. लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठं, सगळं जिथल्या तिथं. मॅडम रागवत नाहीत. “छान, एकेक तपासू,” म्हणतात आणि त्याच्याच हातात माऊस देतात.

पहिला लेख खरा निघतो. दुसऱ्याचं नियतकालिक खरं, खंड खरा. पण त्या पृष्ठांवर दुसऱ्याच कुणाचा, दुसऱ्याच विषयावरचा लेख आहे. तिसऱ्याला डीओआय दिलाय. अनेक लेखांना कायमचा क्रमांक दिलेला असतो, दहानं सुरू होणारा, तो हा. त्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की लेखाचं पान उघडायला हवं. उघडत नाही, असा क्रमांकच नाही. चौथा कुठंच नाही. पाचवा खरा आहे, पण वर्ष चुकलंय. मुलाचा चेहरा उतरतो. “पण मॅडम, त्यानं पृष्ठ क्रमांकसुद्धा दिले होते!”

“उत्तर येत नसलं तरी पेपर कोरा न सोडणारी मुलं असतात ना वर्गात? तसं आहे ते,” मॅडम म्हणतात. “पुढं कुठला शब्द शोभेल, हे त्याला फार चांगलं कळतं. लेख आहे की नाही, हे ते बघायला जात नाही. बघायला तुम्ही जायचं.” चॅटबॉट वापरूच नका, असं त्या सांगत नाहीत. इंग्रजी लेखातला अवघड परिच्छेद समजून घ्यायला, शोधासाठी पर्यायी शब्द सुचवून घ्यायला तो कामाला येतो, हे करून दाखवतात. न उघडलेला संदर्भ मात्र वहीत चढवायचा नाही. मुलानं ती यादी रात्रीच वर्गाच्या ग्रुपवर टाकली होती. तो मोबाइल उचलतो आणि तिथं लिहितो : वरची यादी वापरू नका, तपासून नवीन देतो. सकाळी मोबाइल टेबलावर का ठेवायला लावले, ते आता कळतं.

एक अडसर राहिलाय. चांगला लेख सापडतो, शीर्षक दिसतं, सारांश दिसतो आणि पुढं डॉलरमधली किंमत येते. मुलं निमूटपणे ती खिडकी बंद करतात. माझ्या डोळ्यांदेखत तीन-चार जणांनी तसं केलं, कुणी तक्रारही केली नाही. मॅडमना हे ठाऊक आहे. “बंद करू नका. पैसे भरलेले आहेत,” त्या मोठ्यानं सांगतात. केंद्रानं नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं ६,३००हून अधिक सरकारी संस्थांना खुली झाली. विद्यापीठाच्या नेटवर्कवरून लेख उघडतो, वसतिगृहातून किंवा गावाहून उघडायचा तर ग्रंथालय लॉगिन देतं. या खोलीतल्या बहुतेकांना ते आज पहिल्यांदा कळतंय. एवढा पैसा खर्चून उघडलेलं दार त्या मुलांना कुणी दाखवलंच नसेल, तर तो खर्च कुणासाठी झाला?

ही योजना राबवणारी इन्फ्लिबनेट ही संस्था गांधीनगरला आहे. तिची सुरुवात मात्र १९९१ साली पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पाच्या रूपानं झाली. शोधगंगा तिचीच. देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात, प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ. मुलं पहिलं प्रकरण उघडू लागतात. मॅडम थांबवतात : आधी शेवटची पीडीएफ उघडा, संदर्भसूचीची. दुसऱ्या कुणी चार वर्षं खपून जमवलेली यादी आहे ती. ती बघायची, त्यातलं मूळ पुस्तक काढायचं, आणि ज्याच्यामुळे सापडलं त्याचं नाव लिहायचं. परिच्छेद उचलायचे नाहीत. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांच्या वर साम्य निघालं की प्रबंध अडतो. पण दहा टक्क्यांच्या भीतीपेक्षा, ज्याचं त्याला द्यावं हे मॅडमच्या बोलण्यात जास्त आहे आणि मुलांना ते पोहोचतंय.

साडेचार वाजलेत. शिपाई दिवे मालवायला येऊन उभा आहे. माणची मुलगी फाइलला नाव देतेय : १९७३, लाडेजिन्स्की, दुष्काळ. जतच्या मुलाची नवी यादी तयार आहे. तीन लेखांची, तिन्ही त्यानं उघडून पाहिलेत.

हे शिबिर ऐच्छिक आहे. ज्यांच्यापर्यंत सूचना पोहोचली ते आले. हे मला मान्य नाही. पहिल्या सत्रातच, विषय ठरायच्या आधी, हा अभ्यास प्रत्येक विभागाच्या वेळापत्रकात असला पाहिजे, त्याला श्रेयांक असले पाहिजेत आणि तो शिकवायला ग्रंथपालांना हक्काचा वर्ग मिळाला पाहिजे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर बसणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत एवढा एक विषय मांडावा. आणि तुमच्या घरातलं, शेजारचं, गावातलं कुणी यंदा सरकारी विद्यापीठात शिकायला गेलं असेल, तर त्याला आज फोन करा. ग्रंथालयात जाऊन बाहेरून वापरायचा लॉगिन मागून घे, म्हणावं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.